बर्फावरची जागा

शरयू खांबेटेचा मला हेवा वाटायचा, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई आडून आडून बोलतात. आणि हेवा म्हणजे साधासुधा नव्हे. लॅबमध्ये "अगं, किती छान!" असं तोंडभरून म्हणून झाल्यावर घरी येऊन कुकरचं झाकण दाणकन ओट्यावर आपटावं, तसा. माझा नवरा श्रीकांत आतल्या खोलीतून नुसत्या त्या आवाजावरून विचारायचा, "आज काय केलं शरयूने?"

दोन हजार सालानंतरची ती पाच-सात वर्षं. श्रीकांतला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली म्हणून आम्ही न्यूझीलंडला आलो आणि वेलिंग्टनजवळ लोअर हटला घर घेतलं. मी पुण्याची, प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. इथे येऊन डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध-ब्रेड विकत बसावं लागणार या भीतीने मी अर्धी झाले होते. पण माझं नशीब बरं, वेलिंग्टनच्या एका लहानशा लॅबने मला घेतलं. तिथे समुद्राच्या पोटातले आवाज ऐकायचं काम चालायचं. पाण्यात सोडायचे मायक्रोफोन, त्यांना हायड्रोफोन म्हणतात, ते आमच्याकडे बनायचे. सुरुवातीला ते दक्षिणेच्या बर्फात वापरले जायचे. मग उत्तरेतल्या एका विद्यापीठाला ते हवेसे वाटले, आणि आम्ही पृथ्वीच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या सीलचं गाणं ऐकायला लागलो.

गाणं हा शब्द मी उगाच वापरत नाही. आर्क्टिकमध्ये दाढीवाला सील म्हणून एक प्राणी असतो. दाढी कसली, लांब पांढऱ्या मिशाच त्या. वसंत ऋतूत त्याचे नर बर्फाखाली जाऊन माद्यांसाठी गातात. अगदी वर, शिट्टीसारख्या बारीक सुरात सुरुवात होते, आणि मग तो सूर थरथरत, गिरक्या घेत, मिनिटभर खाली खाली उतरत येतो. एकेक नर वर्षानुवर्षं त्याच जागी येऊन गातो आणि प्रत्येकाची उतरायची तऱ्हा निराळी. आमचं काम त्यांना आवाजावरून ओळखायचं. यंदा कोण आला, कोण नाही आला, बर्फ लवकर फुटला तर कोण कुठे गेला.

दर एप्रिलमध्ये आमच्यातल्या एकाला यंत्रांबरोबर वर जायला मिळायचं. कॅनडाच्या पार उत्तरेला, गोठलेल्या समुद्रावर, तंबूत. जागा एकच. आमच्या ओळखीतल्या बायकांना हॅमिल्टनला रोटोटुनात चार बेडरूमचं नवं कोरं घर हवं असायचं. मला तो तंबू हवा होता. जीव तोडून हवा होता. आणि तो दरवर्षी शरयूला मिळायचा.

शरयू माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. उंच, हाडकुळी. केस स्वतःच कापायची आणि ते बघणाऱ्याला लगेच कळायचं. दक्षिणेकडचा सदर्ली वारा सुटला की वेलिंग्टनला माणूस उडून जायची पाळी येते, आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून यायचो आणि ही बया जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत. "अगं, पायाला गारठा लागत नाही का तुझ्या?" म्हटलं तर आपल्याच पायांकडे नवल वाटल्यासारखं बघायची. डब्यात रोज मेतकूट-भात, तोही गार. मायक्रोवेव्ह समोर असताना गार! ग्रँट म्हणून आमचा बॉस होता, मोठा दिलदार किवी माणूस, त्याने एकदा चव घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या डब्यात चमचा घालायला लागला. मी नेलेल्या पुरणपोळीला मात्र तो "बिट स्वीट" म्हणाला होता.

कामाची तिची एक रीत होती. आवाज कॉम्प्युटरवर चित्रासारखा दिसतो, त्यात सूर कुठे चढला, कुठे उतरला हे डोळ्यांना कळतं. आम्ही सगळे त्या चित्राकडे बघत बघत ऐकायचो. शरयू स्क्रीन बंद करायची, कानाला हेडफोन लावायची आणि डोळे मिटून बसायची. "आधी ऐकायचं गं, शुभे. बघितलं की माणूस ऐकायचा थांबतो." चित्र ती शेवटपर्यंत उघडायचीच नाही, कारण तिला गरजच पडायची नाही.

प्रत्येक सीलला मी नीट, शास्त्रशुद्ध क्रमांक दिले होते. ते कुणी वापरले नाहीत. का, तर शरयूने नावं ठेवली. एक नर सगळ्यांच्या मागून यायचा आणि सगळ्यांच्या वर आवाज लावायचा, तो बंडोपंत. एकाची सुरुवात मुळातच खालून, घसा खाकरल्यासारखी व्हायची, ते मामंजी. आणि जावईबापू वरून झोकात निघून अर्ध्यात रुसून बसायचे. ग्रँट सकाळी कॉफीचा मग घेऊन यायचा, "किया ओरा, लेडीज! एनी न्यूज ऑफ बॅन्डोपॉन्ट?" एका परिषदेत उत्तरेकडच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी बंडोपंतांची चौकशी केली म्हणे. माझ्या क्रमांकांची कुणी केली नाही.

गणपतीचा कार्यक्रम तर मी मेले तरी विसरणार नाही. लोअर हटमधल्या एका शाळेचा हॉल आम्ही दरवर्षी भाड्याने घ्यायचो. त्या वर्षी समितीला वाटलं, आपल्या दोन शास्त्रज्ञ भगिनींना चार शब्द बोलायला सांगावं. मी आठवडाभर खपून स्लाइड्स केल्या. बर्फाचे नकाशे, सीलचा आहार, सगळं. माझी तिसरी स्लाइड लागेपर्यंत निम्मे लोक बाहेर चिवड्याकडे गेले होते आणि उरलेले निम्मे पोरांना गप्प करत होते. मग शरयू उठली. तिच्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. तिने हॉलचे दिवे घालवायला सांगितले, स्टेजवर मांडी घातली आणि म्हणाली, "आता तुम्ही सगळे बर्फाखाली आहात. हलायचं नाही." आणि तिने स्वतःच्या गळ्यातून बंडोपंत लावला. त्या वरच्या टिपेवरून जी निघाली ती थेट गणपतीच्या पाटापर्यंत खाली आली. एक पोर हललं नाही. दिवे लागले तसे बाहेर गेलेले लोक चिवड्याच्या बशा घेऊन दारात उभे होते, आणि मग हॉलमधली झाडून सगळी पोरं सील होऊन जमिनीवर लोळायला लागली.

गाडीत माझी मुग्धा मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, व्हाय काँट यू डू द सील?"

"मीपण तेच काम करते, मुग्धा. त्याच लॅबमध्ये. त्याच सीलवर."

"येह, बट शी इज हीप्स बेटर."

श्रीकांतने रस्त्यावरची नजर हलवली नाही, पण त्याचे खांदे हलत होते. त्या रात्री कुकर नव्हता, म्हणून मी कपाट आपटलं.

बरं, ही बाई बर्फावरून आली की काही सांगेल? नाव नको. मी अधाशासारखी तिच्या समोर बसायची. "कसं होतं गं?" "गार." "अगं, आणखी काय?" मग ती विचार करून म्हणायची, "उजेड फार असतो." झालं! एवढं ताट पुढ्यात आलेलं असून तिला त्याचं वर्णनही करता येऊ नये? मी गेले असते तर वर्षभर सांगत बसले असते. मंडळात व्याख्यान दिलं असतं. निदान फोटो तरी काढले असते. तिच्या कॅमेऱ्यात कुत्र्यांचे फोटो असायचे.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता आपण सोडायचं नाही. तिकडे पांढऱ्या अस्वलांची भीती असते, जाणाऱ्याला बंदूक चालवता आली तर बरं असं ग्रँट एकदा बोलला होता. मी रायफल क्लबात नाव घातलं. मी! झुरळ दिसलं की टेबलावर चढणारी मी, शनिवारी सकाळी कानाला मफ लावून पालथी पडून पुठ्ठ्याच्या अस्वलांना गोळ्या घालत होते. प्रमाणपत्र ग्रँटच्या टेबलावर ठेवलं. तो खूश झाला. "स्वीट अ‍ॅज, शुभडा! यू'र अ डेड शॉट!" आणि मग म्हणाला की यंदा मात्र बर्फ पातळ आहे, सील जागा बदलतायत, तिथल्या तिथे ओळखायला शरयूचा कान लागेल. पुढच्या वर्षी नक्की.

शरयूच्या कानावर हे आलं तशी ती माझ्याकडे आली. "शुभे, तू जा ना. मी सांगते ग्रँटला." इतकं सहज, की जणू बसमध्ये कुणी जागा देतंय. असं दिलेलं कुणी घेतं का? "छे छे, तूच जा," मी म्हटलं, "तुझा कान आहे." आणि ती खरंच गेली हो! पुन्हा एकदा आग्रहसुद्धा केला नाही.

आता जे सांगायचंय ते ती परत आल्यानंतरचं. आमच्याकडे नियम होता की प्रत्येक ध्वनिमुद्रण दोघींनी वेगवेगळं ऐकायचं. गाणं कुठे सुरू झालं, कुठे संपलं, याच्या खुणा आपापल्या करायच्या आणि मग ताडून बघायच्या. शरयूचा पहिला कान, माझा दुसरा. वर्षानुवर्षं आमच्या खुणा एकमेकींवर बसायच्या. त्या वर्षी बंडोपंतांच्या गाण्याला तिची सुरुवातीची खूण माझ्या खुणेनंतर पडली. किंचित. पुढच्या गाण्याला आणखी. मी चित्र उघडून बघितलं तर गाणं तिथेच सुरू होत होतं, जिथे मी म्हणत होते. शरयू चुकत होती!

माझा आनंद काय वर्णावा! तो आनंद मी गरम वडा पदरात बांधून आणावा तसा घरी आणला. श्रीकांतने विचारलं, "काय गं, गाणी म्हणतेयस?" सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या मी आणखी चार मुद्रणं काढून ताडली. शेवटाच्या खुणा बरोबर. मामंजींच्या सगळ्याच बरोबर. चुकत होत्या त्या फक्त सुरुवाती, आणि त्याही जे वरून सुरू करायचे त्यांच्याच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती चुकत नव्हती. तिला वरचं ऐकूच येत नव्हतं. सूर खाली तिच्या कानाच्या टप्प्यात आला की तिचं गाणं सुरू व्हायचं. दुसरं कुणीही असतं तर चित्राकडे एकदा नजर टाकून हे त्याला कळलं असतं. पण ही कधी बघायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी मॉर्निंग टीच्या आधी मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं. "हे जरा ऐक गं," म्हणून स्पीकरवर बंडोपंत लावले. तिने सवयीने डोळे मिटले. स्क्रीनवर सूर वरून निघालेला मला दिसत होता, कानांत भरत होता. शरयू शांत बसून होती.

"लाव की गं," ती म्हणाली.

मी स्पीकर तिच्याकडे सरकवला.

"शुभे, लाव ना."

"लावलंय, शरयू."

तिने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. सूर निम्मा उतरला होता आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आता तो तिला ऐकू येतोय. तिने मला पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ती डोळे उघडे ठेवून, चित्रावर बोट ठेवून बसली. सूर तिच्या बोटापाशी आला, पुढे गेला.

"अगंबाई," एवढंच ती म्हणाली. आणि मग, "मला वाटत होतं, बंडोपंत म्हातारे झाले. वरचं लावत नाहीत हल्ली."

संध्याकाळी लोअर हटच्या गाडीत मी खिडकीशी बसून भाषण तयार केलं. ग्रँटला मी काही सांगणार नाही. चित्र बघून खुणा करायला तू शिक, मी शिकवते. आणि यंदाही बर्फावर तूच जा. इतकं सुंदर भाषण होतं ते की पिटोनी स्टेशन येईपर्यंत माझेच डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यापेक्षा मोठी होणार होते. सकाळी लॅबमध्ये पोचले तर ग्रँट गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "शरयूने कालच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणते, एप्रिलला तुला पाठवा." बघा! मोठेपणा दाखवायची एक संधी आली होती, तीही तिने मला ठेवली नाही.

डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले ते गेले, परत यायचे नाहीत. बोललेलं सगळं तिला नीट ऐकू येत होतं, तुम्हाआम्हाला काही फरक कळला नसता. ग्रँट तिला सोडायला तयार नव्हता. स्क्रीन बघून काम कर म्हणाला. तिने महिनाभर केलं आणि मग राजीनामा दिला. "मला बघून ओळखता येत नाही," ती मला लॅबच्या किचनमध्ये म्हणाली. "नुसत्या रेघा दिसतात गं."

"वाईट वाटतंय?" मी विचारलं. काय पण प्रश्न!

"खूप वाटतंय," ती म्हणाली, आणि गार भाताचा डबा पुढ्यात तसाच ठेवून ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मलाही रडू येत होतं. पण खोटं कशाला बोलू, त्यातही मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवलं नाही. "माझा राग येतो का गं तुला? मी जाणार म्हणून?"

तिने नाक पुसलं. "तुझा? तुझा कशाला येईल? उलट तू आहेस म्हणून बरंय. तू नीट ऐकतेस."

मला हे नको होतं. मला थोडासा, नखभर तरी, हेवा हवा होता. इतकी वर्षं मी तिचा केला, तिने एकदा माझा केला असता तर काय बिघडत होतं?

एप्रिलमध्ये मी बर्फावर गेले. छोटं विमान उतरलं तेव्हा कॅम्पची राखण करणारा पॉलूसी नावाचा इनुइट शिकारी खांद्याला बंदूक अडकवून उभा होता. मी हात पुढे केला तर तो माझ्या मागे विमानाच्या दाराकडे बघत राहिला. "शरायू?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने विमानाच्या दाराकडे पुन्हा एकदा बघितलं. मग माझी बॅग उचलून चालायला लागला. पुढे सगळा वेळ तेच. शरायू इथे बसायची. शरायूने या कुत्रीला हे नाव दिलं. ही कुत्री, ठकी म्हणे तिचं नाव, माझ्याजवळ यायची, माझा हात हुंगायची आणि निघून जायची. पृथ्वीच्या माथ्यावर, जिथे झाड उगवत नाही, तिथेही ही बाई माझ्या आधी पोचलेली होती.

पण गाणं ऐकलं. बर्फाला पाडलेल्या भोकातून हायड्रोफोन सोडला, हेडफोन लावले, आणि बंडोपंत आले. तो अगदी वरचा, केसासारखा बारीक सूर, जो शरयूला आता कधीच ऐकू येणार नव्हता, तो मला अख्खा मिळाला. मी बर्फावर गुडघे टेकून ऐकत होते आणि सगळं विसरले होते, हेवासुद्धा. मिनिटभर. मग पॉलूसी म्हणाला, "शरायू लाय डाउन. इअर ऑन आइस." म्हणून मीही टोपी वर करून बर्फावर कान टेकला. कान असा काही भाजला की मी किंचाळले. तो हसत सुटला, ठकी भुंकायला लागली.

घरी आल्यावर श्रीकांतने विचारलं, "कसं होतं?" मी तोंड उघडलं आणि काय सांगावं ते सुचेना. "गार होतं," मी म्हणाले.

शरयूला मी शेवटचं बघितलं त्यानंतरच्या उन्हाळ्यात. फेब्रुवारीतल्या वाइटांगी डेच्या सुट्टीत आम्ही सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण बेटावर गोल्डन बेला गेलो होतो. शरयू तिकडेच कुठेतरी, किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांना वाचवणाऱ्या लोकांबरोबर काम करते एवढं मला माहीत होतं. दुपारी मोटेलवाली म्हणाली की पायलट व्हेल वाळूवर आलेत, माणसं हवीत, तशी आम्ही टॉग्जवरच, पोहायच्या कपड्यांतच, धावलो. काळे, चकचकीत, गाडीएवढे प्राणी उथळ पाण्यात पडलेले, त्यांच्यावर ओल्या चादरी. लोक बादल्यांनी पाणी ओतत होते. माओरी मंडळींची कराकिया, म्हणजे प्रार्थना, नुकतीच होऊन गेली होती. भरती चढायला लागली होती. श्रीकांत आणि मुग्धाने बादल्या घेतल्या.

शरयू कमरेएवढ्या पाण्यात होती. वेटसूट, तेच वेडेवाकडे केस, आणि एका व्हेलला दोन्ही हातांनी धरून सरळ ठेवत होती. मला बघून ओरडली, "शुभे! ये, ये, याची ती बाजू धर!" इतक्या महिन्यांनी भेटत होतो, पण जणू मी चहा घ्यायला बाहेर गेले होते.

मी धरली. पाणी उन्हाळ्यातही चांगलंच गार होतं. "शरयू, मला यंदाही पाठवतायत," मी दात वाजवत म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. "आता दरवर्षी मीच."

"हो? वा!" ती म्हणाली, मनापासून. आणि लगेच, "श्श. इथे, कपाळावर हात ठेव. बोलतोय बघ. टिकटिक, टिकटिक. लागतंय?"

मी हात ठेवला. गार, गुळगुळीत, ओलं. बाकी काही नाही. मी हात हलवला, दाबला, श्वास रोखला. शरयूने डोळे मिटले होते आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. "हो," मी म्हणाले, "लागतंय."

भरती भरली तशी माणसांनी हात सोडले. एकेक करत व्हेल वळले, पाण्यात काळ्या पाठी दिसल्या आणि खोल गेल्या. किनाऱ्यावर टाळ्या झाल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मुग्धा रडत होती. मी कुडकुडत बाहेर आले. शरयू आली नाही. ती त्यांच्या मागे चालत गेली, छातीएवढ्या पाण्यात, मग गळ्याएवढ्या, आणि दोन्ही तळवे पाण्याखाली पसरून तिथे उभी राहिली, किनाऱ्याकडे पाठ करून. कुणीतरी माझ्या हातात तिचा टॉवेल दिला. तो धरून मी बराच वेळ वाळूवर उभी होते. एप्रिलला बर्फावर मी जाणार होते, ती नाही. आणि हेवा मात्र अजूनही मलाच वाटत होता.